काखेतल्या थर्मामीटरने थायरॉइड कळत नाही

‘सकाळी अंथरुणातून उठण्याआधी काखेत थर्मामीटर लावा. 97.8 च्या खाली भरलं, वजन वाढतंय, केस गळताहेत, म्हणजे हाशिमोटो. तपासणीवर पैसे घालवू नका, आयोडीन वाढवा.’ हा मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. हाशिमोटो म्हणजे थायरॉइड ग्रंथी हळूहळू मंदावणारा आजार.

पहाटे अंग तसंही थोडं गारच असतं, काखेत तर आणखी कमी भरतं. शिवाय पाळीच्या चक्रात तापमान खालीवर होतं. या परीक्षेत धडधाकट बाईही नापास होईल.

वजनाचं म्हणाल तर मंदावलेल्या थायरॉइडमुळे सहसा दोन-चार किलो वाढतात, त्यातही बरंचसं मीठ-पाणीच. पंधरा किलोंचं खापर एकट्या थायरॉइडवर फुटत नाही. केस काय, लोह कमी असलं, बाळंतपण झालं, मोठं आजारपण झालं तरी गळतात.

लक्षणं बघायची तर घोळक्याने बघा. भर मे महिन्यात घरचे पंखा वाढव म्हणताहेत आणि ही चादर ओढून बसलीय. सोबत बद्धकोष्ठ, पाळीत जास्त रक्तस्राव, घोगरा आवाज, सुजरा चेहरा, मंद नाडी. डॉक्टर टाचेमागच्या जाड शिरेवर हातोडी मारतात तेव्हा पाऊल हलतं, पण जागेवर परतताना रेंगाळतं. हे घरबसल्या कळणार नाही. काहींचं तर सुरुवातीला उलटंच होतं: ग्रंथीची मोडतोड होताना साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं, धडधड होते, वजन उतरतं. आणि कित्येकांना काहीच जाणवत नाही.

आयोडीनचा सल्ला मात्र घातक. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने 1912 मध्ये चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं, तेव्हा आत पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली होती. हल्ला आपल्याच प्रतिकारशक्तीचा असतो. त्यात जादा आयोडीन ओतलं तर आजार बळावू शकतो. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ असेल तर वेगळ्या गोळ्या कशाला?

पैसे घालवायचे ते रक्ताच्या तपासण्यांवर: टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन), फ्री टी-4 (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि गरजेप्रमाणे अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची अँटिबॉडी). नुसती अँटिबॉडी निघाली आणि टीएसएच नॉर्मल असेल तर बहुधा थायरॉइडची गोळी लागत नाही, वर्षातून एकदा टीएसएच बघतात. गरोदर असाल किंवा तशी तयारी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर लॅबला तेही सांगा, डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो.