झांज वाजवणाऱ्याचेही नाव छापा

आज दुपारी गणपतीतल्या आमच्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याच्या, फलकाचा नमुना मोबाइलवर आला आणि तेव्हापासून डोके शांत झालेले नाही. एका बाजूला आमचे बुवा, म्हणजे मुख्य गायक, दुसऱ्या बाजूला समोरचे बुवा, त्यांच्याखाली दोन्ही मंडळांचे पखवाजवादक आणि तबलजी, मधोमध मुंबईहून येणाऱ्या पाहुण्या कलाकाराचा सर्वांत मोठा फोटो आणि उरलेल्या जागेत देणगीदार. पखवाजवादक म्हणून माझाही फोटो आहे. परंतु माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या मंडळात झांज वाजवत आलेल्या काकांचे नाव कोपऱ्यातसुद्धा नाही, आणि कोरसला बसणाऱ्या मुलांचेही नाही. आयोजकांपैकी एकांना फोन करून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “अरे, झांजवाल्याचो फोटो बघूक कोण येतलो?” ते वयाने मोठे आहेत म्हणून मी पुढे काही न बोलता फोन ठेवला. जे तेव्हा बोललो नाही ते येथे लिहितो आहे.

कुडाळ तालुक्यात राहणाऱ्या माणसाला भजन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे प्रत्येक वाडीत एक मंडळ असते, त्यात गवंडी असतो, एसटीत नोकरी करणारा असतो, दुकानदार असतो, बागायतदार असतो, आणि यांतल्या कोणाचेही पोट भजनावर चालत नाही. दिवसभराची कामे उरकून रात्री देवळात जमायचे, पेटी उघडायची आणि बसायचे, एवढ्यावर हे सगळे चालते. अशा मंडळात हुशार माणसांची वाण कधीच पडत नाही, कारण या मातीत गळा आणि हात उपजतच मिळतात. वाण पडते ती ठरलेल्या वेळी येऊन बसणाऱ्या माणसाची. मंडळे बुडतात ती याच कारणाने आणि टिकतात तीही याच माणसामुळे, हे माझे ठाम मत आहे आणि ज्यांनी कधी मंडळ चालवले आहे त्यांना ते पटवून द्यावे लागणार नाही.

बुवा चांगला नसेल तर लोक मांडवात थांबत नाहीत, हे खरे आहे. तेवढे मान्य करून पुढे जातो.

काकांचे मोल मला कळले ते श्रावणातल्या एका सप्ताहात. आमच्या गावच्या देवळात अखंड सप्ताह बसतो. दिवसाचे आठ प्रहर वाड्यांनी वाटून घ्यायचे, प्रत्येकाच्या वाट्याला तीन तासांचा पहारा, मधल्या समईभोवती फेर धरून नाम घ्यायचे, आणि एका वाडीचा पहारा संपला तरी पुढची वाडी येऊन उभी राहीपर्यंत भजन खंडू द्यायचे नाही, अशी रीत आहे. त्या वर्षी आमच्या वाडीचा पहारा पहाटे तीनचा होता. रात्रभर पाऊस कोसळत होता, व्हाळाला म्हणजे ओढ्याला पाणी येऊन त्यावरचा साकव, छोटा पूल, बुडाला होता आणि आमच्या वाडीतून देवळाकडे येणारी वाट बंद झाली होती. मी शाळकरी मुलगा होतो आणि हौसेने संध्याकाळपासूनच देवळात झोपायला गेलो होतो. बाराला उभी राहिलेली मंडळी तीन वाजेपर्यंत थकून गेली होती, त्यांचे आवाज बसले होते, आणि आमच्या वाडीचे कोणी येईल अशी आशा कोणालाच उरली नव्हती. अशा वेळी काका आले. साकवाची वाट सोडून वरच्या अंगाने, लांबचा फेरा घेऊन, मोठ्या पुलावरून ते चालत आले होते. स्वतः नखशिखांत भिजलेले होते आणि झांज मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरडी ठेवलेली होती. त्यांनी देवाला हात जोडले, झांज हातात घेतली, आणि मला उठवून पखवाजावर बसवत एवढेच म्हणाले, “तू फक्त ठेको सोडू नको.” उजाडताना पाणी उतरले आणि वाडीतली बाकीची माणसे आली. तोपर्यंत आमच्या वाडीच्या वतीने देवासमोर एक झांजवाला आणि एक पोर एवढेच होते, आणि भजन खंडले नाही.

आता मला सांगा, त्या रात्री तेथे फोटो छापण्याजोगा कलाकार कोण होता?

झांज कोणीही वाजवील, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच कानशिले तापतात. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा गजराला, म्हणजे चढत जाणाऱ्या नामघोषाला, झांज धरून पाहावी. बुवा आलाप घेतात तेव्हा ते लयीच्या पुढेमागे होतात, आणि त्यांना तो अधिकारच आहे. मी लग्गी, म्हणजे जलद बोलांची लड, वाजवू लागतो तेव्हा माझे सगळे लक्ष बोटांत असते. कोरसची मुले रंगात आली की लय धावू लागते, कारण उत्साहाचा स्वभावच पुढे पळण्याचा आहे. अशा वेळी आठ मात्रांचे ते चक्र जागच्या जागी धरून ठेवणारा मांडवात एकच माणूस असतो. त्याला स्वतःला रंगून चालत नाही, दाद घेण्यासाठी वेगळे काही करून चालत नाही आणि मनगट दुखले म्हणून थांबूनही चालत नाही. मी एखादी अवघड तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, घेऊन नेमका समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि मांडवातून टाळ्या येतात, त्या मला मिळतात. परंतु ती सम जेथे असायला हवी होती तेथे कोणी राखून ठेवली होती, हे मला ठाऊक असते, बुवांना ठाऊक असते आणि समोरच्या मंडळालाही ठाऊक असते. फलक छापणाऱ्यांनाच ते ठाऊक नसावे याचे मला वाईट वाटते.

आणि हे केवळ वाजवण्यापुरते नाही. भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत पखवाजाचे चामडे उतरते, गठ्ठे ठोकून ठोकून स्वर चढवावा लागतो आणि डाव्या पुडीला ताजी कणीक लावावी लागते. मी लहान होतो तेव्हा भात खाणाऱ्या आपल्या घरांत गव्हाचे पीठ वेळेवर मिळेलच याची खात्री नसे. काका तेव्हापासून स्वतःच्या पिशवीत कणकेची पुरचुंडी, एक लहान हातोडी आणि विजेरीचे जादा सेल घेऊन फिरतात. आज घराघरांत पीठ असते, तरी त्यांची पुरचुंडी सुटलेली नाही. पखवाज माझा आहे आणि त्याची काळजी ते वाहतात. असे करायला त्यांना कोणी सांगितलेले नाही आणि त्याबद्दल त्यांनी कधी कोणाकडे तोंडातून शब्दही काढलेला नाही.

याच्या उलट जे चालते त्याचा मला संताप येतो. सरावाच्या दिवशी ग्रुपवर अंगठा दाखवायचा, प्रत्यक्ष यायचे नाही, कार्यक्रमाच्या दिवशी मात्र इस्त्रीचा झब्बा घालून पुढच्या रांगेत बसायचे, आणि चाल चुकली की पेटीवाल्याकडे डोळे वटारायचे. गळा गोड आहे म्हणून अशांची मनधरणी होते. त्यांना आणायला दुचाकी पाठवली जाते, त्यांच्यासाठी कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होतो. जो आठ वाजल्यापासून सतरंजी घालून बसलेला असतो त्याच्या अर्ध्या तासाला मात्र कोणी विचारत नाही. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. ज्याला केव्हाही गृहीत धरता येते त्याला गृहीत धरूनच विसरून जायचे, ही आपली जुनी खोड आहे आणि ती घरातही दिसते, मंडळातही दिसते.

पाहुण्या कलाकारांविषयी माझ्या मनात कोणताही आकस नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून मुंबईचा वादक रात्रीच्या गाडीत बसून सकाळी कुडाळला उतरतो, कार्यक्रम करतो आणि परत जातो. ते उत्तम वाजवतात, त्यांच्याकडून मी शिकलोही आहे, आणि त्यांच्या नावावर गर्दी जमते हेही खोटे नाही. त्यांचा फोटो मोठा असण्याला माझी हरकत नाही. परंतु पाहुणा एका रात्रीचा असतो. गणपतीत आम्ही वाडीत घरोघर भजनाला जातो तेव्हा पहिल्या घरी माणूस मावत नाही; काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव होतो, मुंबईचे चाकरमानी मोबाइल धरून चित्रण करतात. शेवटचे घर येते तेव्हा दोन वाजून गेलेले असतात. आमच्या वाडीचे शेवटचे घर एका एकट्या म्हाताऱ्या वहिनींचे आहे. मुलगा दरवर्षी येऊ शकतोच असे नाही. त्या स्वतःच माटवी, म्हणजे गणपतीवरची लाकडी चौकट, सजवतात, तिला कवंडळाची रानफळे आणि आंब्याचे टाळे बांधतात आणि आमची वाट पाहत जाग्या राहतात. तोपर्यंत अर्धे मंडळ पांगलेले असते. कोणाला पहाटेची गाडी असते, कोणाचा घसा बसलेला असतो. पण काका तेथे असतात. पहिल्या घरी वाजलेली झांज आणि शेवटच्या घरी वाजलेली झांज यांत त्या वहिनींना कधीही फरक ऐकू आलेला नाही. माझ्या हिशोबाने मंडळाची खरी प्रतिष्ठा शेवटच्या घरी ठरते.

कालच्या सरावात पाहिलेली एक गोष्ट आठवली आणि राग थोडा उतरला, म्हणून तीही सांगतो. आमच्या कोरसमधला एक मुलगा मोपा विमानतळावर नोकरी करतो. २०२३ च्या जानेवारीत तो विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्याकडची पुष्कळ मुले रोज गोव्यात जाऊन येऊन आहेत. पाळी संपवून हा मुलगा बांदा, सावंतवाडी असा महामार्गाने पावसातून दुचाकी हाणत येतो आणि घरी न जाता थेट देवळात येतो. त्याचा गळा असामान्य नाही, तो कधी पुढे बसून अभंग म्हणणार नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे. काल तो ओल्या कपड्यांनी येऊन मागे बसला, काकांनी स्वतःचा टॉवेल त्याच्याकडे टाकला आणि झांजेची दुसरी जोडी त्याच्या हातात दिली. मला सप्ताहातली ती पहाट आठवली. लांबच्या वाटेने येणारा माणूस लांबच्या वाटेने आलेल्या माणसाला बरोबर ओळखतो. काकांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे त्यांना मांडी घालू देत नाहीत, गेल्या वर्षापासून ते स्टुलावर बसतात. त्यांनी आपल्या मागे कोण हे ठरवले आहे, असे मला काल वाटले. उद्या या मुलालाही कोणी म्हणणार, झांजवाल्याचे नाव कशाला छापायचे, आणि मग तो मोपाहून थेट घरी जाऊ लागला तर त्याला बोल कोणत्या तोंडाने लावणार?

आयोजकांनी एवढा तरी विचार करावा. तुकोबांच्या कीर्तनात मागे उभ्या राहणाऱ्या चौदा टाळकऱ्यांची नावे परंपरेने आजपर्यंत जपली आहेत. गंगाराम मवाळ त्यांतले आहेत, संताजी जगनाडे त्यांतले आहेत, आणि संताजींच्या सुदुंबऱ्याच्या समाधीवर आजही लोक माथा टेकतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी, छापखाना नसताना, टाळकऱ्यांची नावे लोकांनी तोंडपाठ ठेवली. आपल्या हाती तर रंगीत फलक आहे, आणि त्यावर देणगीदारांच्या वडिलांच्या नावांनासुद्धा जागा मिळते.

फलकावर जागा कमी असते, प्रत्येकाचा फोटो बसणार नाही, हेही मी समजू शकतो. मग फोटो लावू नका, नावे लावा. एका ओळीत सगळा कोरस मावतो.

हे लिहिता लिहिता मी आमच्या बुवांना फोन केला. त्यांचे म्हणणे माझ्यापेक्षाही स्पष्ट निघाले. ते म्हणाले, “माझो फोटो बारीक करा, पण काकांचा नाव घाला.” तेव्हा आता आमचे ठरले आहे. उद्या सकाळी छापखाना उघडताच मी स्वतः जाणार आहे. झांज, कोरस आणि पेटी यांच्या नावांची यादी मी वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहे, त्यात मोपाहून येणाऱ्या मुलाचेही नाव आहे. यादीला जागा नाही असे सांगितले गेले, तर माझा फोटो काढून ती जागा यादीला द्यावी, असे मी लेखी देणार आहे. आयोजकांना ते मान्य नसेल, तर त्यांनी आम्हाला आजच कळवावे, म्हणजे त्यांना दुसरे मंडळ शोधायला वेळ मिळेल. काकांना यातले काही ठाऊक नाही. ते मोबाइलवर असले काही वाचत नाहीत, आणि कोणी त्यांना जाऊन सांगू नये अशी विनंती आहे, कारण ते मला आधी यादीतून स्वतःचे नाव खोडायला लावतील आणि मग उद्याच्या सरावाला नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन बसतील.