'तलाव म्हणजे मोठं टाकंच' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर आमच्या वस्तीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो चार ठिकाणांहून आला. मथळा आहे 'नागपूरचे तलाव वाचवा, चार सोपे उपाय'. तळमळ खरी आहे, उपाय मात्र बहुतेक उलटे पडणारे आहेत. खाली त्यातली एकेक ओळ आणि तिला उत्तर.

'हे तलाव माणसाने खोदले, त्यात कसला आला निसर्ग?'

अंबाझरी १८७० साली बांधला, फुटाळा भोसल्यांच्या काळातला. खोदलेलेच आहेत, कबूल. पण भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारांचे माजी मालगुजारी तलाव, तेही माणसानेच बांधले आणि आज त्यांच्याच आसऱ्याने सारस पक्षी टिकून आहे. नांदूर मधमेश्वर तर बंधाऱ्यामुळे तयार झालं, तरी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. कायद्याच्या व्याख्येत कोणता तलाव पाणथळ बसतो हा वेगळा वाद. बेडूक सातबारा पाहून अंडी घालत नाही.

'चारही बाजूंनी सिमेंटची भिंत बांधा, घाण आत जाणार नाही आणि पूरही थांबेल.'

घाण काठावरून उतरत नाही, ती नाल्यातून येते, आणि नाल्याचं तोंड भिंतीतही ठेवावंच लागतं. पुराचं म्हणाल, तर २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला तेव्हा लोंढा नाग नदीने वस्त्यांत शिरला. काठ दगडाचा की मातीचा, याने काय फरक पडला असता?

भिंतीने जातं काय, ते मात्र बघा. तलावाचा खरा संसार मधल्या खोल पाण्यात नसतो, काठाच्या गुडघाभर पाण्यात असतो. ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून वनस्पती तिथे रुजतात. त्यांच्या देठांना चिकटून मासे अंडी घालतात. शेकाट्या पक्षी त्याच उथळ पाण्यात चिखल टोचत फिरतो. बेडकाचं पिल्लू पाय फुटल्यावर उतारावरून बाहेर येतं. उभ्या भिंतीला ते कुठून चढणार? चतुराची अळी पाण्यात वाढते आणि शेवटी गवताची काडी धरून वर येऊन पंख पसरते. काडी नाही तर चतुर नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं तसा काठ मागे सरकतो, पावसाळ्यात पुढे येतो. भिंत बांधली की ही ये-जा बंद पडते आणि उरतं ते टाकं.

'पाण्यातलं सगळं झाडझुडूप काढून टाका.'

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी आणि काठावरचं बेशरम नावाचं झुडूप काढायलाच हवं. जलपर्णीच्या चादरीखाली उजेड जात नाही. पण 'सगळं' म्हणजे काय? कमळ, शिंगाडा, पाण्याखालचं हायड्रिला हे तलावाचे घरचे लोक. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटं करतो. भंडारा-गोंदियाच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या लोकांनी बेशरम उपटून तलावांत देशी पाणवनस्पती लावल्या, त्या माशांसाठीच. शिवाय वनस्पती उपटल्या तरी नाल्यातून येणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस राहतंच. ते मग शेवाळ खातं आणि पाणी पोपटी होतं.

'डेंग्यू टाळण्यासाठी तलावात गप्पी मासे सोडा.'

अरे बाप्पा! डेंग्यूचा एडिस डास तलावात वाढत नाही. त्याला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं : ड्रम, कुंडीखालची ताटली, टायर आणि आपल्या नागपुरात घरोघरी असलेला कूलर. पावसाळा आला तरी ज्याचं पाणी आपण काढत नाही, तोच. गप्पी परदेशी मासा आहे. बंद हौदात तो उपयोगी, पण तलावात सोडला की कायमचा पाहुणा. त्याच कामासाठी आणलेला गॅम्बुशिया तर देशी माशांची अंडी, पिल्लं आणि बेडकाचे टॅडपोलही खातो. जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. डासांच्या अळ्या खाणारे चतुराचे पोर तलावात आधीच असतात. त्यांना काठ लागतो, तो वर भिंतीने बुजवून झाला.

'कारंजं लावा, ऑक्सिजन वाढेल.'

वाढतो, खोटं नाही. पण केव्हा, तेही बघायला हवं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच तो ओढतं, सोबत गाळातले जिवाणूही. म्हणून सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो उजाडायच्या आधी, मासे तोंड वर काढून हपापतात ती वेळ. रंगीत दिव्यांचं कारंजं मात्र लोक फिरायला येतात तेव्हा, संध्याकाळी चालतं.