पहिल्यासारखा राहिला नाही

'पहिल्यासारखं राहिलं नाही' हे वाक्य सोलापुरात बोहनीच्या आधी कानावर पडतं. माझं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गिऱ्हाईक चादरीची कड चिमटीत धरतं, अंगठ्यानं घासतं, घडी उलगडून उजेडाकडं धरतं, मग दोन्ही तळहातांवर तोलून म्हणतं, वजन नाही ओ पहिल्यासारखं. मी म्हणतो, हो मावशी, सूतच तसं यायलंय. विषय संपला, मावशी तीच चादर घेऊन जातात.

रॅपवाल्यांचा विषय संपत नाही.

माझा भाचा कॉलेज सुटलं की दुकानात बसतो, सोबत त्याचा शहराच्या पूर्व भागातला दोस्त, घरी तेलुगू, इथं मराठी आणि भांडण पेटलं की हिंदी. दोघंही अमेरिकन रॅपर एमिनेमचे भक्त. 2024 च्या जुलैत त्याचा 'द डेथ ऑफ स्लिम शेडी' हा अल्बम आला आणि तेव्हापासून माझ्या गल्ल्याशेजारी रोज सुनावणी चालू आहे. भाचा म्हणतो मिड, म्हणजे सुमार आहे, दोस्त म्हणतो तुला बार, म्हणजे रॅपच्या ओळी, कळत नाहीत, भाचा म्हणतो बार राहू दे, बीट बघ, 2000 चा 'मार्शल मॅदर्स एलपी' काढ, 2002 चा 'एमिनेम शो' काढ, तो राग कुठंय, ती भूक कुठंय? आता हा भाचा 2005 चा. ज्या वर्षाच्या आठवणीनं हा एवढा गहिवरतो त्या 2002 ला याच्या आईबापाची पत्रिकासुद्धा जुळली नव्हती, मीच तर फिरत होतो स्थळं बघत. आणि भूक कुठून राहील बे, 2000 च्या त्या अल्बमच्या अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात 17 लाखांच्या वर कॉप्या गेल्या, माणूस पन्नाशी ओलांडून गेला, डेट्रॉइट शहरातल्या जुन्या दिवसांसारखा उपाशी राहणार आहे का आता?

ऐकून ऐकून मला त्यांची पद्धत कळली. अल्बम आला की बेकार. चार-पाच वर्षं गेली की 'त्या वेळी लोकांना कळला नाही'. 2009 च्या 'रिलॅप्स'मध्ये हा कसकसले अ‍ॅक्सेंट काढून गायलाय म्हणून फॅन वैतागले, पुढच्या वर्षी 'रिकव्हरी'त यानंच कबूल केलं की अ‍ॅक्सेंटचा जरा अतिरेक झाला, आणि आता दोस्त छातीवर हात ठेवून सांगतो की रिलॅप्स अंडररेटेड आहे मामा. 2017 च्या 'रिव्हायव्हल'ला सगळ्यांनी धुतलं तर पुढच्याच वर्षी यानं 'कामिकाझे'त धुणाऱ्यांना धुतलं. मला तर गिऱ्हाइकाला उलट बोलायची सोय नाही, याला अल्बम काढून बोलता येतं, नशीब लागतं.

बरं, त्यानं तरी काय करायचं? 2013 च्या एका गाण्यात 6 मिनिटं 4 सेकंदांत 1,560 शब्द कोंबले, गिनेस बुकात नाव गेलं, तर भाचा म्हणतो स्पीड आहे पण फील नाही. शेवटी बिचाऱ्यानं नव्या अल्बमच्या व्हिडिओत 2002 मधला स्वतःच 2024 मध्ये आणून उभा केला, घ्या तुमचा जुना एमिनेम! तरी हे म्हणतात, जुना पहिल्यासारखा वाटत नाही.

परवा मोहोळकडचे एक आजोबा सतरंजी बघायला आले होते. मागं गाणं जोरात. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले,

"कुणाशी भांडायलंय हे?"

"स्वतःशीच, आजोबा," दोस्त म्हणाला. "जुना तो आणि नवा तो, दोघांचं लागलंय."

"मग घरचंच आहे की. मिटंल."

एवढी नेमकी समीक्षा मी अजून कुठं ऐकली नाही. पण पोरांना पटली नाही, कारण आजोबांनी दहापैकी मार्क दिले नव्हते. मग मला धरलं, मामा तुम्ही सांगा. मी आपलं दोघांचंही मन राखायला सात म्हणालो. भाचा भडकला की सात कशाचे, दोस्त भडकला की सातच? उन्हाळ्यात पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हासुद्धा आमच्या गल्लीत एवढी भांडणं होत नाहीत.

आता मला शिक्षा झाली आहे. शटर अर्धं ओढलं की हिशेब करताना 1999 पासून ओळीनं सगळे अल्बम ऐकायचे, आधी पाया पक्का करायचा, मग मत द्यायचं, असं भाच्यानं ठरवलंय आणि पहिल्यांदाच दोस्तानं त्याला दुजोरा दिला. सध्या 2004 च्या 'एन्कोर'पर्यंत आलोय. हा बेकार आहे यावर दोघांचं पूर्ण एकमत आहे, आणि तरी एकही गाणं पुढं ढकलू देत नाहीत.