बाहीचा कागद

वडगावात वहिनींच्या शिलाईच्या दुकानाबाहेर आमचा कट्टा. परवा बाळू शिकवणी आटोपून आला तो वैतागलेलाच. दहावीच्या पोरांना वृत्तचितीवर शंकू बसवलेलं गणित घातलं होतं.

"पोरींना सूत्रं तोंडपाठ, पण आकृती जरा फिरवली की झालं! उपजतच असतंय ते."

"उपजत हे कुठनं आणलंस?" विनायक म्हणाला. मनातल्या मनात आकृती फिरवण्यात मुलांची सरासरी पुढं असते, हे त्यानंही मान्य केलं. 1971 साली शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी ठोकळ्यांच्या चित्रांचा प्रयोग केला. पुढं तसल्याच चाचण्यांत हा फरक पुन्हा पुन्हा दिसला. "पण मेघालयातलं ऐक. चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं. कार्बी समाजात वारसा मुलग्यांकडं, तिथं पुरुष भराभर जुळवायचे. शेजारच्या खासींत घरदार धाकट्या मुलीकडं जातं, तिथं बायका-पुरुषांत फरकच सापडला नाही. 2011 चा अभ्यास आहे."

"एका कोड्यावरनं काय ठरतंय गा?"

बाळूचं हे चुकीचं नव्हतं. कोडं म्हणजे काही भूमितीचा पेपर नव्हे. पण मला आठवली आमची घरं. सुट्टीत मी मामाच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचे भाग, उलटेपालटे करून बघत बसायचो. माझी बहीण त्या दारातही गेली नाही. तिला कुणी नेलंच नाही, आणि मीही कधी म्हटलं नाही. याचं मला आज वाईट वाटतं.

आतून वहिनी बाहीचा कागद घेऊन आल्या. वरची कड डोंगरासारखी गोल, एका अंगाला जरा जास्त खोल.

"भावजी, हा गुंडाळला की बाही. आता सांगा, पुढची बाजू कुठली?"

बाळूनं कागद फिरवला, उलटा धरला, आणि चुकीची बाजू दाखवली.

"खोल ती पुढची. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, पुढनं जास्त कापतात, नाहीतर छातीवर चुण्या येतात. मला पण सुरुवातीला दिसत नव्हतं. दहा-बारा ब्लाऊज बिघडवले तेव्हा दिसायला लागलं."

विनायकनं लगेच 2013 चा आढावा काढला: 217 अभ्यास एकत्र तपासले, सरावानं ही क्षमता वाढते, मुलांची आणि मुलींचीही.

बाळू गप्प होता. मग म्हणाला, "शंकू उलगडला की वर्तुळपाकळी होते, हे मी फळ्यावर काढतो फक्त. कापून कधी दिलंच नाही पोरांना."

बाहीचा कागद गिऱ्हाइकाच्या मापाचा, तो वहिनींनी परत घेतला. बाळूनं त्यांच्याकडनं जुनी वर्तमानपत्रं आणि एक कात्री मागून नेली.