ऑइलची टोपी उघडून टर्बो गाडीचं इंजिन कळत नाही

सध्या व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. जुनी टर्बो गाडी घेताना मेकॅनिक नको, पाच मिनिटांत इंजिन ओळखा, असं त्यात सांगितलंय. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी उघडा, धूर आला तर इंजिन गेलं. डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं तर गाडी सोडा. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट (मधला दांडा) हलला तर टर्बो संपला. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर एरर नसेल तर बिनधास्त घ्या. माझ्याकडे लोक हे पाठ करून येतात. त्या नादात कोणी चांगली गाडी सोडतं, कोणी खराब गाडी घेऊन बसतं, म्हणून हे लिहितोय.

काळ्या ऑइलचं आधी सांगतो. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दहा वर्षांच्या डिझेलमध्ये ऑइल मधासारखं स्वच्छ दिसलं, तर ते नेमकं आत्ताच का बदललं हे विचारा. घाबरायचं ते ऑइलला डिझेलचा वास येत असेल, पातळी वाढलेली असेल किंवा बोटावर धातूचा चुरा चमकत असेल तर.

आता टोपीचा धूर. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा गॅस प्रत्येक इंजिनात खाली उतरतो, आणि डिझेलमध्ये दाब जास्त असल्याने तो जास्त जाणवतो. स्विफ्ट डिझेलचं 1.3 मल्टिजेट, म्हणजे 1248 सीसीचं इंजिन घ्या. चांगल्या इंजिनाचीही टोपी काढली की थोडी फुंकर लागते. ती किती म्हणजे जास्त, हे नुसत्या डोळ्यांनी नवख्याला सांगता येत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावं लागतं. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर तिथे गडबड आहे. मग लीक टेस्ट करायची. त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून आत हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या टोपीतून फुसफुस आली तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर बहुतेक हेड गॅस्केट. विकणारा हे करू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

शाफ्टचा मुद्दा तर साफ उलटा सांगितलाय. बुशवाल्या टर्बोत शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो आणि छोट्या गाडीत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. इंजिन बंद असताना तो थर नसतो, त्यामुळे शाफ्ट बाजूला किंचित हलणारच. पुढे-मागे मात्र हाताला खेळ लागता कामा नये, आणि पात्यांची टोकं बाहेरच्या कवचाला घासलेली दिसता कामा नयेत. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा ओलावा चालतो, तळं साचलेलं नाही. टर्बो नवीन टाकल्याचं बिल दाखवलं तर ऑइलचा फीड पाइप बदलला का तेही विचारा. जुना टर्बो ऑइल न मिळाल्याने गेला असेल आणि पाइप तसाच चोंदलेला असेल, तर नवाही जाईल.

राहिला स्कॅनर. एरर पुसायला एक मिनिट पुरतं. बऱ्याच गाड्यांत एरर पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हे स्कॅनर दाखवतो. तिथे सहा-सात किलोमीटर दिसले तर थांबा. शिवाय स्कॅनर लावूनच गाडी चढाला न्या. आम्ही कात्रजच्या जुन्या घाटात नेतो. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा, आणि इंजिनाने मागितलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) न् मिळालेला बूस्ट शेजारच्याने वाचायचा. उभ्या गाडीत टर्बोवर भारच येत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट त्या व्हिडिओत नाहीच: इंजिन थंड हवं, कारण गरम इंजिनात बरेच दोष लपतात. एका शिक्षकांसोबत सकाळी साडेसातला मल्टिजेट बघायला गेलो होतो. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. कोमट. विकणारे म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली." गाडी लोण्यासारखी चालली, टोपीतून धूर नाही, स्कॅनर कोरा. शिक्षक म्हणाले, "दादा, टोकन देऊ का?" मी म्हटलं, "सर, उद्या परत येऊ. आणि साहेब, तोवर गाडीला चावी लावू नका."

दुसऱ्या दिवशी बॉनेट गार होतं. चावी फिरवली आणि टायमिंग चेन डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखडली, चांगले सात-आठ सेकंद. मागे निळसर धुराचा, म्हणजे जळणाऱ्या ऑइलचा, लोट उठला, दोन मिनिटांत विरला. सरांनी टोकनचं पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात परत ठेवलं.