पवई तलावाकाठी रविवार कसा सार्थकी लावावा

तलावावर फिरायला जायचं म्हणजे तलाव बघायला जायचं, असा एक भाबडा समज आहे. तो घरीच सोडून निघा. तलाव पाठीमागे ठेवायचा असतो. तुमची पाठ पाण्याकडे, तोंड मोबाइलकडे आणि खांद्याच्या वर चार बोटं निळसर पट्टा दिसला की तलाव पुरेसा झाला. फोटोत हिरानंदानीच्या इमारती आल्या तर परदेश वाटतो, डोंगर आला तर लोणावळा. पवईला दोन्ही एकाच जागी साधतं, फक्त टाचेवर गिरकी घ्यायची.

निघायची वेळ नऊची. साडेसहाला पोचलेल्या माणसावर पक्षी बघण्याची वेळ येते, कारण तेव्हा तिथे दुसरं काही नसतं. गाडी काठाला जितकी खेटून लावता येईल तितकी लावा. दहा हजार पावलं मोजायला आलेल्या माणसाने पहिली पाचशे पार्किंगपासून चालत येण्यात वाया घालवू नयेत.

तलावाची जुजबी माहिती असलेली बरी, सोबत पाहुणे असले की उपयोगी पडते. १८९० साली साडेबारा लाखांच्या आसपास खर्च करून हा बांधला, तो मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. पाणी पिण्याजोगं निघालं नाही. आज ते आरे कॉलनीच्या आणि कारखान्यांच्या कामी येतं. पूर्ण भरला की ५४५ कोटी लिटर पाणी आणि सव्वादोन चौरस किलोमीटरांचा पसारा. हे पाणी तुमच्या नळाला येत नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा, पुढच्या सगळ्या सूचना त्याच पायावर उभ्या आहेत. शेजारचे विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे, म्हणून कुंपणाआड. तिथे कुणी आपली करमणूक होऊ देत नाही.

आता पाव. घरून एक लादी घेऊन निघा, शिळी असली तर उत्तम. पाण्यात मासे तोंड वर काढून आ वासताना दिसतील. मुलांना दाखवा आणि सांगा, बघ, कशी भूक लागलीय! प्रत्यक्षात प्रकार असा की, रात्री उजेड नसल्यामुळे पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करणं थांबवतं आणि श्वासासाठी उलट तोच वापरत राहतं. त्यामुळे सूर्य उगवायच्या सुमारास पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी उरतो. ढगाळ हवा असेल तर ही ओढाताण उन्हं वर आली तरी संपत नाही. हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर तेवढा बरा असतो, तो कल्ल्यांवरून खेळवायला मासा वर येतो. थोडक्यात, तो गुदमरलेला असतो. अशा वेळी त्याच्या तोंडात पाव कोंबायचं पुण्य दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि हे पुण्य फिरून परत येतं. न खाल्लेला पाव तळाशी बसतो, कुजतो. कुजवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो ते त्याच पाण्यातून घेतात. दुसऱ्या दिवशी जास्त मासे आ वासतात. तुम्ही पुढच्या रविवारी दोन लाद्या आणता. एखाद्या सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले की आजूबाजूच्यांत मिसळून ‘कुणीतरी विष टाकलं असणार’ असं म्हणायचं आणि हातावरचा चुरा झटकायचा.

मासे खाऊ घालण्यापेक्षा पकडण्यात रस असेल तर काठीला तंगूस बांधा, गळाला कणकेची गोळी लावा आणि बसा. बहुतेक वेळा गळ खालच्या मुळांत नाहीतर दगडात अडकतो. सोडवत बसू नका. दाताने तंगूस तोडा आणि सहा-सात हातांचा तुकडा तिथेच सोडून द्या. नायलॉन कुजत नाही. पंख वाळवायला खुंटावर येऊन बसणारा पाणकावळा त्यात पाय अडकवून घेतो, आणि नंतर तो इतका स्थिर बसतो की फोटो हलत नाही.

जलपर्णी ही तर पवईची शान. चांगलं हवामान आणि चांगलं खाद्य मिळालं तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाद्य म्हणजे नत्र आणि स्फुरद. शेतकरी ते पैसे मोजून पोत्याने आणतो, इथे आसपासच्या वस्त्यांचं आणि टॉवरांचं सांडपाणी ते फुकट, घरपोच आणून सोडतं. फूल दिसायला फारच देखणं. फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. देठाला फुगा असतो, तो चिरून बघा, आत स्पंज निघतो. त्यावरच ती तरंगते. एक रोप घरी न्या, बाल्कनीतल्या टबात सोडा. महिन्याभरात टब भरला की उरलेली रोपं टाकून देताना कचऱ्यात घालू नका, जिवंत आहेत बिचारी! जवळच्या नाल्यात सोडा. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती आपल्याकडे पोचली आणि पसरली ती अशाच फुलवेड्या माणसांच्या हातून.

जलपर्णी काढायचीही एक रीत आहे. एकसारखे टी-शर्ट, रबरी हातमोजे, बॅनर. काठावर वाकून पाच रोपं ओढा आणि पन्नास फोटो काढा. काढलेली रोपं उचलून नेण्याचा आग्रह धरू नका, काठावरच ढीग करा. पहिल्या जोरदार सरीत ढीग कुजून वाहतो आणि मुळांनी महिनोन्‌महिने शोषलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरतं, कुठेही सांडलवंड नाही. पाण्यात पाच रोपं राहिली असतील तर दर पंधरवड्याला दुप्पट या हिशेबाने बारा आठवड्यांत तीनशे वीस. शिवाय चिखलात बी वर्षानुवर्षं टिकून असतं, तेव्हा पुढच्या श्रमदानाची तारीख आजच जाहीर करायला हरकत नाही. नाल्याच्या तोंडाकडे मात्र कुणाला बघू देऊ नये. तिकडे बॅनर लावायला जागा नसते.

एक इशारा, तोही फक्त लहान मुलं सोबत असतील तर. दाट जलपर्णी लांबून लॉनसारखी दिसते. लॉन नाही ते. खाली पाणी आहे, त्याखाली गाळ, आणि पडलेल्या माणसाला मुळांच्या जाळीतून डोकं वर काढता येत नाही. (ही सूचना उपरोधात चुकून आली, तशीच राहू द्या.)

काठाचं मात्र काय करावं? साडीला काठ हवा, त्यावरच साडीची किंमत ठरते. तळ्याला काठ नको, असं आपलं एकमत आहे. तळ्याचा काठ म्हणजे चिखल, पाणकणीस, लव्हाळी, डास आणि वास. आपल्याला हवं असतं पाणी, त्याला लागून स्टीलचं रेलिंग, त्याला लागून पेव्हर ब्लॉक, आणि नगरसेवकाच्या नावाचा बाक. याला सुशोभीकरण म्हणतात. महापुरात वाचणारी लव्हाळी सुशोभीकरणात वाचत नाहीत.

चिखलात राहणारी मंडळी याबद्दल कुरकुर करत नाहीत, ही मोठी सोय. कमळपक्ष्याची मादी तरंगत्या पानांवर चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं ही कामं बाप एकटा करतो. त्याला फक्त न हलणारं पान हवं असतं, म्हणून तुम्ही पॅडल बोट मागत राहा. टिबुकली जरा खुट्ट झालं की बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. ब्लूटूथ स्पीकर पूर्ण आवाजात लावला तर ती सकाळभर बुड्याच मारत राहते आणि मुलांची छान करमणूक होते.

आणि मगरी. होय, पवईत मगरी आहेत, तलावाइतक्याच खऱ्या. गोड्या पाण्यातली ही मगर उन्हात काठावर येऊन जबडा उघडून पडते. ती रागावलेली नसते, अंगातली उष्णता तोंडावाटे बाहेर सोडत असते. तरी ती खरी आहे की प्लास्टिकची, हे तपासण्याची आपली पद्धत म्हणजे खडा मारणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, तिचं नाव आहे. खडा मारणाऱ्याला हे सांगू नका, त्याचा नेम चुकेल. जवळून सेल्फी हवा असेल तर रेलिंग ओलांडून उतरा. चिखलात पाय नडगीपर्यंत रुततो, एक हात मोबाइलमध्ये अडकलेला असतो आणि समोरचा प्राणी स्वतःच्या अंगणात असतो.

साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठाच्या उतारावर, पाणी पोचणार नाही अशा जागी खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. पिल्लू नर निघणार की मादी, हे खड्ड्यातल्या मातीच्या तापमानावर ठरतं. पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. जॉगिंग ट्रॅकलाही नेमका हाच उतार लागतो, कोरडा, पाण्याजवळचा आणि ऊन खाणारा. मगरीची आणि आपली आवड इतकी जुळते!

तसा ट्रॅक इथे घालायला घेतलाही होता. जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्या काठाने रचायच्या आणि वरून सायकली न्यायच्या. दगडांच्या फटींतून पाणी जातं, तेव्हा भराव म्हणू नका, असं सांगण्यात आलं. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितलं. सायकलवाल्यांचा हिरमोड झाला. पण निराश होऊ नका, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सायकलींसाठी मोकळी जागा भरपूर आहे, पहाटे तीन ते साडेतीन.

डोंगराच्या अंगाच्या पायवाटेला लागाल तेव्हा खिशात बिस्किटांचे दोन पुडे असू द्या. वाटेच्या तोंडाशी भटके कुत्रे असतात, त्यांना रोज ठरल्या जागी, ठरल्या वेळी घाला. कुत्रे तिथेच मुक्काम करतात, वाढतात. लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या बिबट्याला जंगलात चितळामागे धावण्यापेक्षा ठरल्या जागी बसलेला कुत्रा परवडतो. मग तो त्या वाटेवर दिसतो. मग आपण सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं, बिबट्ये आपल्या भागात शिरलेत, कुणीतरी पिंजरा लावा. बिस्किटं चालूच ठेवायची.

गणेश घाटावर निर्माल्य कलश ठेवलेला असतो. तो फोटोसाठी आहे. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीतच घट्ट गाठ मारून पाण्यात भिरकवा. फुलं आत कुजून वायू धरतो, पिशवी फुगते आणि कैक दिवस तरंगत राहते, म्हणजे आपली श्रद्धा सगळ्यांना दिसते. मूर्ती प्लास्टरची असेल तर तिचंही तसंच. शाडूसारखी ती विरघळत नाही, पाणी उतरलं की चेहरा ओळखता येतो.

शेवटी पाण्याची रिकामी बाटली. कचरापेटी शोधत फिरू नका, तलावाच्या हवाली करा. पावसाळ्यात पवई भरून वाहिला की बाटली सांडव्यावरून मिठी नदीत उतरते. तिथून सुमारे अठरा किलोमीटरांची मुंबई-दर्शन सहल. विमानतळाच्या धावपट्टीखालून, कुर्ल्याच्या चाळींमागून, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींच्या पायथ्यावरून माहीमच्या खाडीपर्यंत. एरवी एवढ्या अंतराला रविवारच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास लागतात. भरतीच्या पाण्याबरोबर ती माहीमच्या वाळूवर येऊन पडते. तिथेही रविवारी माणसं येतात, पाठ समुद्राकडे करून उभी राहतात, आणि फोटोत बाटली येऊ नये म्हणून दोन पावलं बाजूला सरकतात.