होम की प्रो: एक मुद्दा राहिलाच

‘घरच्या वापराला विंडोज ११ होम पुरे, प्रोचे पैसे वाया’ हे विंडोजच्या होम आणि प्रो या दोन आवृत्त्यांवरच्या लेखातलं वाक्य सरसकट पटलं नाही. माझं घर पेडण्याला, नोकरी पणजीत. हिशेबाच्या फायली घरच्या पीसीवर. पणजीतून तो उघडावा म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या ठिकाणाहून पीसी वापरायची सोय) चालू करायला गेलो, तर सेटिंगमध्येच लिहिलेलं, होम आवृत्तीत ही सोय नाही! होमवरून दुसरीकडचा प्रोवाला पीसी उघडता येतो, पण होमवाला स्वतः आत घेत नाही. शेवटी प्रोची की (परवान्याचा कोड) घातली, एकदा रीस्टार्ट, फायली जागच्या जागी.

मात्र नुसत्या बिटलॉकरसाठी (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी प्रोमधली सोय) प्रो गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला आधी विचारा, होममधलं डिव्हाइस एन्क्रिप्शन (तशीच, पण साधी सोय) या लॅपटॉपवर चालतं का? म्हापशातल्या एका दुकानदाराला ते असतं हेच ठाऊक नव्हतं.